डांबरावर कोणताही बैल चालते

आमच्या सपरीत इन्व्हर्टरच्या बॅटरीखाली जावा ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेचं एक पुस्तक आहे. हजाराच्या वर पानं, विटेएवढी जाडी. दोन पावसाळ्यांपूर्वी तिथली फरशी एका कोपऱ्यात खचली आणि बॅटरी कलली, तेव्हा बाबांनी लाकडाचा ठोकळा, कवेलूचा तुकडा असं काय काय लावून पाहिलं. शेवटी हे पुस्तक चपखल बसलं. "घ्या, कामी तं आलं," एवढंच ते बोलले. ते पुस्तक मी २००५ साली नागपूरला बर्डीवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगातून १८० रुपयांना उचललं होतं आणि ते पैसे तुरीचे होते, हे आम्हा दोघांनाही पक्कं आठवत होतं.

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला तेव्हा मी त्याच बॅटरीजवळ खाटेवर बसलो होतो. ती दारव्ह्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात काटापट्ट्या, म्हणजे गाड्यांच्या वजनाच्या चिठ्ठ्या, भरते. "मामा, मले पायथन शिकाचं आहे, प्रोग्रामिंगची भाषा. कोणतं पुस्तक घेऊ?"

हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच. पुण्यात चौदा-पंधरा वर्षं प्रोग्रामिंगच्या नोकऱ्या करून मी २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन गावी आलो आणि आता इथूनच काम करतो. त्यामुळे आसपासच्या गावांत संगणकाचं काहीही अडलं की ते माझ्याकडे येतं, अडकलेल्या प्रिंटरपासून पीकविम्याच्या फॉर्मपर्यंत. बाकीच्यांना मी एक नाव सांगतो आणि मोकळा होतो. भाचीला तसं सांगवेना. "उद्या सांगतो," म्हटलं आणि बॅटरीकडे पाहत बसलो.

ते जावाचं पुस्तक माझ्या मूर्खपणाचं स्मारक आहे. ढिगातलं सगळ्यात जाड पुस्तक तेच होतं. जाड आहे म्हणजे त्यात सगळं असणार आणि सगळं असलं म्हणजे आपल्याला नोकरी लागणार, असा माझा साधा हिशोब. अख्खा उन्हाळा मी ते माडीवर बसून वाचलं. ॲप्लेटचे, म्हणजे वेबपानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचे, दोन धडे तर तोंडपाठ केले. पुण्यात एका कंपनीत मुलाखतीला गेलो. समोरच्याने कागदावर एक लिस्ट लिहिली, तिच्यापुढे लहान-मोठ्याची दोन चिन्हं काढून त्यांच्यामध्ये स्ट्रिंग असा शब्द लिहिला आणि विचारलं, हे काय आहे? मला वाटलं, हा एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, विचारतोय. तसं उत्तरही दिलं. माणूस हसला नाही, हे त्याचे उपकार.

ती चिन्हं जेनेरिक्सची होती, म्हणजे लिस्टमध्ये कोणत्या प्रकारची गोष्ट ठेवायची ते आधीच सांगून ठेवायची सोय. जावाची पाचवी आवृत्ती सप्टेंबर २००४ मध्ये आली आणि तिच्यात जेनेरिक्स आले, लिस्टवर फिरणारा सुटसुटीत फॉर लूप आला, भाषेचं रूपच पालटलं. माझं पुस्तक १९९८ च्या जावावर होतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत येताना मी खिडकीला डोकं टेकवून पुस्तकाला शिव्या देत होतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष? ते आपल्या काळाशी प्रामाणिकच होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर बाबांनी बैल घेतला. आमचा सर्जा साप चावून गेला होता आणि उरलेल्याला जोडी लागत होती. मी रिकामाच होतो, बाबांसोबत बैलबाजारात गेलो.

बैलबाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला पाहिजे. तिथे मालक कमी बोलतो आणि दलाल जास्त. भाव तोंडाने सांगत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबतात आणि दोघांच्या चेहऱ्यावरून तिसऱ्याला काही कळत नाही. शिंगं साळून गुळगुळीत केलेली, त्यावर हिंगूळ, गळ्यात नवी घाटी. बाबा ह्यातलं काहीच बघत नव्हते. त्यांनी आधी बैलाचा जबडा उघडला. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला: खालच्या जबड्यात कायमचे दात किती आले ह्यावरून वय कळतं. दलाल मध्येच "पाटील, चालवून पाहा, चालवून पाहा" म्हणत कासरा हातात देत होता. बाबांनी त्या बैलाला बाजाराच्या रस्त्यावर एक चक्कर मारली आणि मग सरळ मागच्या नांगरलेल्या वावरात नेलं. ढेकळांत दहा पावलं गेला नाही तर बैल उजव्या मागच्या पायावर दबकायला लागला. रस्त्यावर ते अजिबात दिसलं नव्हतं.

"डांबरावर कोणताही बैल चालते," बाबा मला म्हणाले, "मातीत पाहा लागते." आणि कासरा परत दिला.

पुस्तकं निवडताना मी आज जे काही करतो ते सगळं ह्या दोन गोष्टींत बसतं. आधी दात बघतो, मग मातीत चालवतो. पण तेव्हा हे डोक्यात आलं नाही. आणखी सात-आठ वर्षं मी पुस्तकं डांबरावर चालवूनच घेत राहिलो.

दातांचं सोपं आहे. नावाचं पान उलटलं की मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते असतात: आवृत्ती कितवी, वर्ष कोणतं. तिथेच गोमही असते. पुनर्मुद्रणाचं वर्ष ताजं असतं आणि आवृत्ती जुनाट. दुकानदार "२०१९ चं आहे साहेब" म्हणतो, ते खरंच असतं, पण २०१९ ला फक्त छापखाना चालला. लेखकाचा हात त्याच्या दहा वर्षं आधी थांबलेला. मुखपृष्ठ नवं केलं की साळलेली शिंगं झाली. म्हणून प्रत्येक भाषेची एखाददुसरी तारीख माहीत असलेली बरी. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० ला कायमची थांबली. दुकानात उभ्या उभ्या ओळखायचं असेल तर प्रिंट ह्या शब्दापुढे कंस आहे का ते बघावं. कंस नसेल तर पुस्तक जुन्या पायथनचं. ते खाली ठेवावं. जुन्यात ५ भागिले २ केलं की २ येतात, नव्यात अडीच. जावास्क्रिप्टच्या पुस्तकात जिकडेतिकडे नुसतं व्हार असेल आणि लेट-कॉन्स्टचा पत्ताच नसेल तर ते २०१५ च्या आधीचं समजायचं.

पण दातांवरून वय कळतं, स्वभाव कळत नाही. कर्निघन आणि रिची ह्यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ चं. दुसरी आवृत्ती १९८८ ची आणि तिसरी कधी आलीच नाही. त्यानंतर सीची प्रमाणं चार वेळा बदलली, तरी ते पुस्तक लोक आजही वाचतात. त्याच कर्निघननी ॲलन डोनोव्हन ह्यांच्याबरोबर २०१५ मध्ये गो भाषेवर पुस्तक लिहिलं. गोमध्ये जेनेरिक्स २०२२ च्या मार्चमध्ये आले, म्हणजे पुस्तकात ते असणं शक्यच नाही. तरी गो शिकणाऱ्याच्या हातात मी तेच देतो. गोऱ्ह्याला तासात चालायला शिकवायचं असलं की शेजारी जुना, मुरलेला बैल जुंपतात ना, तसं. चाल त्याच्याकडून घ्यायची. जेनेरिक्स भाषेच्या संकेतस्थळावर वेगळे वाचायचे.

आता सीचा विषय निघालाच आहे तर कॉलेजचं सांगतो. आमच्या लॅबमध्ये टर्बो सीची निळी स्क्रीन होती आणि प्रत्येक प्रोग्रामची सुरुवात व्हॉइड मेनने व्हायची, शेवट गेटसीएचने. का, ते कुणी सांगत नव्हतं. तिथे सगळ्यांच्या हातात यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' असायचं. आपल्या नागपूरचा माणूस, ह्याचा आम्हाला कोण अभिमान! पण निव्वळ अभिमानापोटी पुस्तक वाचून होत नाही. ते आम्हाला वाचता येत होतं, कारण त्याचं इंग्रजी आमच्या ताकदीचं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला. बारावीनंतर अचानक सगळं इंग्रजीत. त्या पुस्तकातला माणूस समोर बसून, थांबून थांबून सांगतोय असं वाटायचं.

मग होस्टेलवरच्या एका मित्राने दिव्यज्ञान दिलं, की खरं पुस्तक ते नाहीच, खरं पुस्तक कर्निघन-रिचीचं. मूळ प्रत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून झेरॉक्स काढून स्पायरल बाइंडिंग केलं. दुसऱ्या प्रकरणापर्यंतसुद्धा पोचलो नाही. पहिला प्रोग्राम 'हेलो, वर्ल्ड', तो जमला. मग फॅरेनहाइट-सेल्सिअसचा तक्ता, मग अक्षरं मोजा, ओळी मोजा, शब्द मोजा, ॲरे, फंक्शन, आणि हे सगळं पहिल्याच प्रकरणात. हा माणूस दम घेत नाही, असं वाटलं. आपण ढ आहोत अशी खात्री पटली आणि पुस्तक खाटेखाली गेलं.

तीन वर्षांनी पुण्यात पहिल्या पगारातून मूळ प्रत घेतली. तिच्यात सुरुवातीला रोमन आकड्यांची काही पानं होती, जी माझ्या झेरॉक्समध्ये नव्हती. झेरॉक्सवाल्याने, की मित्राने, पैसे वाचवायला ती गाळली होती. त्या पानांवर लेखकांनी स्वच्छ लिहिलं होतं की हे प्रोग्रामिंगची तोंडओळख करून देणारं पुस्तक नाही. व्हेरिएबल, लूप, फंक्शन ह्या गोष्टी वाचकाला थोड्याफार ठाऊक आहेत असं आम्ही धरून चाललो आहोत. म्हणजे ते माझ्याशी बोलतच नव्हते. शेजारच्या घरी आलेल्या पाहुण्याचं बोलणं कुडाआडून ऐकावं आणि आपल्याला काही समजत नाही म्हणून रडावं, तसं माझं झालं होतं.

तेव्हापासून मी प्रस्तावना वाचल्याशिवाय पुस्तक घेत नाही. आभाराचा भाग सोडून देतो. सगळ्या लेखकांच्या बायका सारख्याच सहनशील असतात.

आणि त्या दुसऱ्या वाचनात तेच पुस्तक असं उलगडलं की काय सांगू. त्यातली एक ओळ सी शिकलेल्या बहुतेकांना पाठ असते. व्हाइल, कंस उघडा, तारा, एस, दोन अधिक, बरोबरचं चिन्ह, तारा, टी, पुन्हा दोन अधिक, कंस बंद. पुढे नुसता अर्धविराम. लूपच्या पोटात काहीही नाही. एका जागची अक्षरमाळ उचलून दुसऱ्या जागी ठेवण्याचं सगळं काम त्या कंसातच उरकतं. टीचं बोट ज्या अक्षरावर आहे ते उचललं, एसचं बोट जिथे आहे तिथे ठेवलं, दोन्ही बोटं एक घर पुढे. सीमध्ये अक्षरमाळेच्या शेवटी शून्य असतं. ते उचलून ठेवलं की त्या बरोबरच्या चिन्हाची किंमतच शून्य होते आणि लूप थांबतो. मी ती ओळ वाचली आणि मला कपाशीच्या तासात चालणारी माझी आई दिसली. बोंडातून कापूस काढला, ओटीत टाकला, पुढच्या पऱ्हाटीकडे सरकली. ह्या तीन कामांत तिचा हात कुठेही थांबत नाही. तास संपून धुरा आला की थांबतो. लेखक ह्या ओळीवर एकदम उडी मारत नाहीत. आधी तेच काम लांबलचक लिहून दाखवतात, मग आटपशीर, मग आणखी आटपशीर, आणि शेवटी ही ओळ ठेवतात. कानेटकरांकडे पॉइंटर, म्हणजे हे बोट, समजलेला नसता तर मला ती पायरी चढता आली नसती, हेही तितकंच खरं. होस्टेलवरच्या मित्राचं 'खरं पुस्तक' आणि 'खोटं पुस्तक' हे वर्गीकरण मी तेव्हा कायमचं सोडलं.

मातीत चालवण्याचं मात्र जरा अवघड आहे. कुठल्याही भाषेचं कुठलंही पुस्तक घ्या, पहिली तीन प्रकरणं डांबरी रस्ता. व्हेरिएबल, जर-तर, लूप. तिथे सगळेच लेखक झोकात चालतात. दुकानात आपण तेवढीच पानं चाळतो, इंटरनेटवर नमुन्याला तेवढीच फुकट देतात. अडचण पुढे असते. प्रत्येक भाषेची एक खोड असते. एखादा बैल मारका, एखादा बसका, एखादा ओढे दिसले की अडून बसणारा. तशी सीची खोड पॉइंटर, जावास्क्रिप्टची 'धिस' हा शब्द, रस्ट ह्या भाषेची मालकी. पुस्तक उघडायचं ते त्या पानावर. लेखक तिथे घाई करतो का? एक व्याख्या टाकून पुढच्या प्रकरणाला पळतो का? की चुकलेला प्रोग्राम मुद्दाम दाखवतो, त्याची एरर जशीच्या तशी छापतो, आणि मग सांगतो की तू इथे पडणार आहेस? एकही एरर न छापणाऱ्या पुस्तकावर माझा विश्वास नाही. ज्या पुस्तकात सगळे प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालतात ते परीक्षेसाठी लिहिलेलं असतं.

आता ज्याला भाषाच येत नाही त्याला तिची खोड कशी कळणार? ह्यावर मला एकच उपाय सापडला आहे. जाणत्या माणसाला "कोणतं पुस्तक चांगलं?" असं विचारूच नये. तो स्वतः वाचलेलं नाव सांगतो, किंवा स्वतः न वाचलेलं, जे जास्त वजनदार वाटतं. मीही हेच करत आलोय. त्याऐवजी विचारावं, "तुम्हाला ह्यातलं काय समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला?" ह्याचं उत्तर देताना माणूस खोटं बोलत नाही. त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी रात्र येते. ते उत्तर घेऊन पुस्तकाच्या शेवटची सूची उघडायची आणि तो शब्द शोधायचा. सूचीच नसेल तर, माझ्यापुरतं तरी, पुस्तक नापास.

रस्ट मी असं निवडलं, म्हणजे त्याचं पुस्तक. २०२१ चं साल. मी गावात नवा नवा परतलेलो, मोबाइलचं नेटवर्क माडीच्या ईशान्य कोपऱ्यातच यायचं आणि लाईन कधी जाईल ह्याचा नेम नव्हता. वावरातल्या मोटारींना थ्री फेज रात्री मिळायची तेव्हा सगळं गाव जागं आणि मी लॅपटॉपसमोर. स्टीव्ह क्लाबनिक आणि कॅरोल निकल्स ह्यांचं रस्टवरचं पुस्तक फुकट आहे हे ठाऊक होतं; पण भाषा एकदा संगणकावर उतरवली की तिच्या कागदपत्रांसोबत ते अख्खं पुस्तकही उतरतं आणि इंटरनेट नसताना उघडतं, हे कळल्यावर मी दुसरीकडे पाहिलंच नाही. दिल्ली-बंगळुरूच्या माणसाला ही बाब क्षुल्लक वाटेल. मला तेवढ्यावरच निवड करायची होती. शिवाय जो प्रोग्राम चालणार नाही त्याच्या कडेला ते लोक फेरिस नावाच्या खेकड्याचं चित्र टाकतात. दहा पानं चाळली आणि खेकडे मोजले. भरपूर होते. पुस्तक पास.

त्याचं चौथं प्रकरण मालकीचं आहे. प्रत्येक वस्तूला मालक एकच. ती दुसऱ्याला देऊन टाकली की तुमचा संबंध संपला. उसनी देता येते, पण नेम असा: नुसती पाहायला कितीही जणांनी न्यावी, बदल करायला न्यायची असेल तर एकानेच न्यावी, आणि त्या वेळात दुसऱ्या कुणी पाहायचंही नाही. उसनी गेलेली असताना मालकाला ती विकता येत नाही. हे सगळं प्रोग्राम चालायच्या आधीच तपासलं जातं. रात्री जेवताना मी बाबांना हे समजावून सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "हा नेम आपल्या गावात असता," ते म्हणाले, "तं आपला डवरा वापस आला असता."

भाषेच्या भाषेबद्दल एक राहिलं. पायथनच्या कागदपत्रांत उदाहरणांमध्ये स्पॅम आणि एग्ज ही नावं वारंवार येतात. भाषा करणाऱ्या खीदो फान रॉसुमनी तिचं नाव सापावरून ठेवलेलं नाही; माँटी पायथन नावाच्या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून ठेवलं, आणि त्यांच्या एका प्रसंगात हॉटेलातल्या जवळपास प्रत्येक पदार्थात स्पॅम असतं. स्पॅम म्हणजे डब्यातलं डुकराचं मांस. आता हा विनोद दिग्रसच्या पोराला कोण समजावणार? त्याला वाटतं ही काहीतरी तांत्रिक संज्ञा आहे, पाठ केली पाहिजे. भाचीने मला नेमकं हेच विचारलं होतं: "मामा, स्पॅम म्हणजे मोबाइलवर येते ते का?" गंमत म्हणजे तेही नाव तिथूनच आलं. अशा वेळी आपल्या मुलांना वाटतं की आपलं प्रोग्रामिंग कच्चं आहे. कच्चं असतं ते परदेशी नाश्त्याचं ज्ञान. ज्यांना इंग्रजीच फार जड जातं त्यांना मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले धडे आधी ऐकायला सांगतो. कान तयार झाला की डोळ्यांना सोपं जातं.

तर भाची. दुसऱ्या दिवशी मी तिला उलटं विचारलं, "तुला पायथन कशाला पाहिजे?"

तिच्याकडे उत्तर तयार होतं. जिनिंगमध्ये गाडी काट्यावर येते, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ कापूस. रात्री नऊला मुनीमजींना गाववार बेरीज पाहिजे असते. ती एका एक्सेलमधून दुसऱ्यात चिकटवत बसते आणि मोसमात गाड्यांची रांग लागली की एखादी पट्टी दोनदा चिकटते. मागच्या वर्षी अशा एका पट्टीवरून तिने बोलणी खाल्ली होती. तिला ते काम संगणकाकडून करून घ्यायचं होतं.

हे ऐकून माझ्या तोंडावर अल स्वायगार्टचं 'ऑटोमेट द बोअरिंग स्टफ' आलं. ऑफिसातली कंटाळवाणी कामं उरकण्यासाठीच लिहिलेलं, एक्सेलवर वेगळं प्रकरण, इंटरनेटवर वाचायला फुकट. पण जीभ आवरली. तिला म्हटलं, ॲलन डाउनीचं 'थिंक पायथन' हेही फुकट आहे. दोन्हींमध्ये लिस्टचं प्रकरण उघड, आणि एकच लिस्ट दोन नावांनी ओळखली जाते तेव्हा काय होतं, ते शोध. मला पायथनमध्ये हेच समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

"असं काय आहे त्यात?" ती म्हणाली.

मग फोनवर सर्जाची गोष्ट निघाली. बाबा त्याला सर्जा म्हणायचे आणि आजी ढवळ्या. बैल एकच. सकाळी आजीने ढवळ्याला ढेप चारली तर सर्जाचंही पोट भरलेलं असायचं, आणि बाबा दुसऱ्यांदा ढेप घेऊन आले की भांडण. पायथनमध्ये एका लिस्टला दुसरं नाव दिलं की नवी लिस्ट होत नाही, जुन्याच बैलाला दुसरी हाक मिळते. एका नावाने आत काही घातलं की दुसऱ्या नावालाही ते दिसतं. बरीच पुस्तकं सुरुवातीला सांगतात की व्हेरिएबल म्हणजे डबा. डबा डोक्यात बसला की हे पान कधीच समजत नाही. कारण दोन डबे असले तर वस्तूही दोन असायला पाहिजेत.

तिला दोन दिवस लागले. दिवसभराचा डेटा संपलेला असायचा, लॅपटॉप तिचा आणि भावाचा मिळून एक. तिसऱ्या दिवशी रात्री फोन. "मामा, थिंक पायथन घेते."

मला ऑटोमेटची अपेक्षा होती. "काहून?"

"त्यात बाण काढले हायेत. दोन नावं, दोन बाण, लिस्ट एकच. दुसऱ्यातही आहे समजावून, पण मले बाणावरून पटलं. एक्सेलचं प्रकरण मी त्या दुसऱ्यातून फुकटच वाचीन नं."

आणि तिला कागदावरचं पाहिजे होतं. जिनिंगच्या ऑफिसात रुईचा फफुटा सगळीकडे बसतो, तिथे लॅपटॉप नेऊ देत नाहीत. गाड्यांच्या मधल्या वेळात टेबलाखाली पुस्तक चालतं. पण तिच्या गावच्या पिनकोडला कुरिअर येत नाही. शकुंतला ही छोटी रेल्वे बंद पडल्यापासून तिकडे जायला एसटी, नाहीतर काळीपिवळी. म्हणून पार्सल दारव्ह्याच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर मागवलं. ते यायला आठ दिवस लागले आणि त्या आठ दिवसांत बाबांनी मला तीनदा विचारलं, की पोरीने कोणता बैल घेतला.

शनिवारी दुपारी फोन आला. मागे स्टँडचा गलका, कंडक्टरच्या हाका.

"मामा, आलं पुस्तक."

"उघडलं का?"

"हाव. आधी मागचं पान पायलं. तिसरी आवृत्ती, दोन हजार चोवीस."

"मग?"

"प्रस्तावना वाचून रायली होती तं गाडी लागली. ठेवते आता. अन् आबाजीले सांगा, हे पातळ आहे. बॅटरीखाली नाही पुरणार."